आई उभी राहिली

प्रिय ठोंब्या,

तू घरचा फोन उचलत नाहीस, आणि उचलला असतास तरी मला धड बोलता आलं नसतं. कालपासून डोकं सुन्न झालंय.

आपल्या दवाखान्यात व्यसनांवर आणि मनाच्या आजारांवर उपचार सुरू व्हावेत म्हणून आम्ही बायका दारोदार फिरतोय, हे तुझ्या कानावर आलंच असेल. तुझ्यासारखं कुणाला बरं व्हायला परक्या गावी जावं लागू नये, एवढंच माझं म्हणणं. काल त्यावर सभा होती. शाळेचा हॉल गच्च भरलेला. आणि विरोध करणाऱ्यांचे म्होरके कोण, तर आपले बाबा! घरात माझ्याशी अबोला, तिथे मात्र माइकवर तोंडाचा पट्टा सुरू. म्हणाले, ही चांगल्या घरांची वस्ती आहे, इथे व्यसनी माणूस औषधालाही सापडायचा नाही. पोटचा पोरगा सरळ गिळून टाकला रे त्यांनी! माझा नुसता तिळपापड झाला.

मी उत्तर द्यायला उठणार, तोच शेजारी आई उठली. पाहुण्यांच्या घरी पाणी मागायलाही लाजणारी आपली आई. मला वाटलं, गर्दीत गुदमरत असेल, बाहेर निघाली. तिने पर्समधून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढली, चांगली ओंजळभर, आणि म्हणाली, "व्यसनी आहे की इथे. मी आहे. झोपेच्या गोळ्या. बंद करायला गेले की अंग थरथर कापतं. मला थांबता येत नाहीये."

घरोघरी जाऊन लक्षणं समजावते मी, आणि आईचं पेंगणं मला वय झाल्याचं वाटत होतं! बाबा माइक धरून तसेच उभे. मग औषधांच्या दुकानवाल्या काकांनी आमच्या बाजूने पहिला हात वर केला, त्यांच्यामागे मागच्या रांगेतल्या बायकांनी. ठराव झाला. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी आईच्या ओंजळीतली पाकिटं परत तिच्या पर्समध्ये भरत होते. घरी आल्यावर बाबांनी जन्मात पहिल्यांदा चहा केला. नुसतं गोड पाणी, पण आईने सगळा प्यायला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, गोळ्या एकदम तोडल्या तर जिवावर बेतेल, भरती होऊन हळूहळू कमी करायला हव्यात. इथे सगळं सुरू होईपर्यंत थांबून चालायचं नाही, म्हणून तू बरा झालास त्याच व्यसनमुक्ती केंद्रात तिच्यासाठी जागा मिळवलीय. आई मात्र हटून बसलीय. मी रडले, बाबांनी हात जोडले, ती ढिम्म. एकच म्हणते, "ज्याने सोडून दाखवलं, त्याचाच हात धरून जाईन." बाबांनी तुला घराचा दरवाजा बंद केला होता, विसरले नाही मी. आज सकाळी त्यांनीच माझ्यापुढे कागद आणून ठेवला आणि म्हणाले, त्याला बोलाव. येशील ना रे?

तुझीच,
ताई