गंठण घरी आलं

प्रिय सुरेखा,

आज दुपारी बँकेतून तुझं गंठण आणि दोन्ही पाटल्या सोडवून आणल्या. तुला जाऊन सव्वा वर्ष झालं, हे काय मला माहीत नाही? तरी रिक्षा दारात लावली आणि ‘आणलं गं!’ असं तोंडातून निघून गेलंच. शेजारच्यांनी वळून बघितलं. मग म्हटलं, बोललो तर लोक बघतात. लिहून तरी सांगावं.

आधी माझी चूक लिहितो. तुला ती कळली होती, पण मी माझ्या तोंडानं कधी कबूल केली नाही. मी कामाला होतो तो टॉवेलचा कारखाना बंद पडला, जुनी मालरिक्षा घ्यायची ठरली, तेव्हा तू गंठण आणि पाटल्या काढून फायनान्सवाल्याकडं गहाण ठेवायला माझ्या हातात दिल्यास. गळ्यात काळी पोत आणि दोन वाट्या तेवढ्या ठेवल्यास. एकच विचारलंस, ‘व्याज किती?’ मी म्हणालो, ‘शेकडा एक रुपया.’ होते अडीच! खरं सांगितलं असतं तर तू ‘थांबा जरा’ म्हणाली असतीस, आणि मला तर दुसऱ्याच दिवशी रिक्षा आणायची होती.

एक वर्ष तुला कळू दिलं नाही. मग एकदा धुण्याच्या शर्टाच्या खिशात फायनान्सवाल्याची पावती सापडली. ओल्या हातांनी तू ती उघडलीस.

‘ह्ये काय हाय? साडेतीन हजार? म्हैन्याला?’

‘व्हय.’

‘आनि मुद्दल?’

मुद्दलाचे एक लाख चाळीस हजार जिथल्या तिथं होते. वर्षभरात बेचाळीस हजार भरले आणि कर्जाचा एक रुपया उतरला नव्हता. तू बोटांवर मोजलंस, परत मोजलंस, आणि पावती घडी करून डब्यात ठेवलीस. दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. डबा मात्र वेळेवर द्यायचीस. मला वाटलं होतं तू भांडशील. का नाही भांडलीस गं? भांडली असतीस तर माझ्या जिवाला जरा बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी मी तंबाखूचा मावा मळत बसलो होतो. तू समोर येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, ‘माजं गंठण तुमच्या गालात चघळताय, कळतंय का?’ रोजचे चाळीस रुपये, म्हणजे महिन्याचे बाराशे. हसू की रडू असं झालं मला. सुटायला दोन महिने लागले. चोरून दोनदा खाल्ला, तेही आज सांगून टाकतो.

मग तू घरखर्चाला कात्री लावलीस. आंघोळीचं पाणी चुलीवर गेलं. तेल अर्ध्या किलोनं येऊ लागलं. आपल्या लेकीच्या, रेश्माच्या नर्सिंगच्या फीला मात्र हात लावू दिला नाहीस. आणि पहाटे उठून कडक भाकरी थापायला लागलीस. नव्वद-शंभर भाकरी! स्टेशनजवळच्या दुकानात मी रिक्षातून पोचवायचो. उन्हाळ्यात पत्र्याखाली, चुलीपुढं तू कशी बसत होतीस? मी एकदाही ‘आज राहू दे’ म्हणालो नाही. म्हणायला पाहिजे होतं.

तुझ्या भाचीचं लग्न आठवतं का, टेंभुर्णीचं? तू खोटं गंठण घालून गेलीस. जेवणाच्या पंगतीत तुझ्या वहिनीनं गळ्याकडं बघत चारचौघींत विचारलं, ‘वन्सं, खरं कुटं ठेवलं?’ तू हसून म्हणालीस, ‘प्रवासात चोराची भीती असतीय की.’ मी मागंच पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. परत येताना मी काही विचारलं नाही. तुला वाटलं असेल, मी ऐकलंच नाही. ऐकलं होतं, सुरेखा.

तुझ्या डोक्यात बँकेचं कुणी भरवलं? पद्माक्कानंच असणार. त्या तेलुगू घरच्या, तुमच्या बचत गटाच्या अध्यक्ष. बँकेत सोन्यावर व्याज तिसऱ्या हिश्श्याहून कमी आहे, एवढं तुला कळलं. पण सोनं फायनान्सवाल्याकडं अडकलेलं. आधी सगळे पैसे भरल्याशिवाय तो सोडणार नाही, आणि सोनं हातात असल्याशिवाय बँक पैसे देणार नाही. मी म्हणालो, ‘जमणार न्हाय.’ तू गटाच्या बैठकीत उभी राहिलीस आणि एक लाख चाळीस हजार एका दिवसासाठी मागितलेस. एका दिवसासाठी! पंधरा जणींच्या गटाची शिल्लक आणि त्यातल्या चौघींच्या डब्यातले पैसे एकत्र झाले. एक जण म्हणाली, बुडले तर? पद्माक्का म्हणाल्या, ‘सुरेखा पळून कुठं जाते? तिची चूल इथं आहे.’

तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. दहा वाजता आपण फायनान्सच्या दुकानात. पैसे मोजून घेतले आणि तो पोरगेलासा मॅनेजर म्हणाला, ‘सोनं हेड ऑफिसला आहे. उद्या या.’ मी उठलोसुद्धा. साहेब म्हणतोय म्हटल्यावर उठायचं, हीच माझी सवय. तू बाकड्यावरून हलली नाहीस.

‘पैसं घेतलं की तुमी. आता वस्तू द्या न्हायतर पैसं द्या. मी हितंच बसती.’

‘ताई, जेवणाची वेळ आहे.’

‘तुमी जेवा. मी भाकरी आनलीय.’

आणि खरंच तू भाकरी सोडलीस! शेंगाचटणीचा वास दुकानभर झाला. येणारं गिऱ्हाईक विचारायला लागलं, काय झालं म्हणून. तू सांगायला लागलीस, व्याजाच्या आकड्यासकट. दीड वाजता सोनं आलं. हेड ऑफिस तिथंच आतल्या खोलीत असावं.

बँकेचा सोनं तपासणारा तीनला जातो, हे माहीत होतं. भर उन्हात मी रिक्षा कशी पळवली! तू मागं हौद्यात बसलेली, पदराच्या गाठीत सोनं, दोन्ही हातांनी धरलेलं. तपासणीस चप्पल घालून निघाला होता. तू म्हणालीस, ‘भाऊ, पंधरा बायकांचं पैसं हायती ह्यात.’ तो परत बसला. बँकेनं एक लाख तीस हजार दिले. कमी पडलेले दहा हजार तू पिठाच्या डब्यातून काढलेस. भाकरीचे! मला पत्ताच नव्हता. म्हणजे तूही माझ्यापासून लपवत होतीस की! दिवे लागायच्या आत गटाचे पैसे परत गेले. कर्ज मात्र तू तुझ्या नावावर घेतलंस. मी विचारलं, का? म्हणालीस, ‘कागद मला वाचायचाय म्हणून.’

त्यानंतर व्याज हजाराच्या आसपास आणि बाकीचे सगळे पैसे मुद्दलात. दर महिन्याला आकडा उतरताना बघून तुझा चेहरा कसा व्हायचा!

आणि मग ती सकाळ. पाच दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. तू हंडा उचलायला वाकलीस आणि तशीच बसलीस. मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टर म्हणाले. दोन दिवस सिव्हिलच्या दारात बसलो. तू डोळे उघडलेच नाहीस.

सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तुला नटवलं. हिरवी साडी, हळदकुंकू. म्हाताऱ्या चुलती म्हणाल्या, ‘तिचं गंठण आणा. घटकाभर घालू, मग काढून घ्या.’ सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी चोराची भीती सांगू शकलो असतो. जीभ वळली नाही. म्हणालो, ‘गहाण हाय. माझ्यापायी.’

तेवढ्यात तुझी टेंभुर्णीची वहिनी पुढं आली. स्वतःच्या गळ्यातलं गंठण काढलं आणि तुझ्या गळ्यात घातलं. पोत नीट केली, वाट्या मधोमध आणल्या. ‘वन्सं, मला म्हायती असतं तर इचारलं नसतं,’ एवढंच म्हणाली आणि तुझ्या उशाशी बसून राहिली. तिच्याविषयी मनात काही ठेवून गेली असशील तर काढून टाक.

तेराव्याला मोठं जेवण घाला, असं भावकी म्हणत होती. मी घातलं नाही. घरच्यांपुरता स्वयंपाक केला आणि हप्ता भरला. लोक बोलले. बोलू देत. तू असतीस तर हेच केलं असतंस, की माझी गैरसमजूत आहे?

शेवटचा हप्ता मागच्या महिन्यातच भरला होता. पण बँकेतल्या बाई म्हणाल्या, ‘कर्जदार कुठं आहेत? त्यांची सही लागते.’ काय सांगणार! मृत्यूचा दाखला, स्टँप पेपर, वारस म्हणून माझी आणि रेश्माची सही. तीन खेपा झाल्या. आज पाकीट मिळालं. रेश्मानं कागद वरपासून खालपर्यंत वाचला, वस्तू मोजल्या आणि मगच सही केली. मला तुझीच आठवण झाली, पण मी बोललो नाही. ती रडली असती.

पाहुण्यांपैकी एक जण म्हणतोय, सोन्याचा भाव वाढलाय, हेच ठेवून नवी गाडी घे. खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं मोह झाला. रिक्षाचं इंजिन आता फार धूर सोडतं.

घरी आल्यावर पाकीट रेश्मापुढं ठेवलं. म्हणालो, ‘हे तुझं.’

‘लग्नासाठी?’

‘न्हाय. तुझं. तू ठरवायचं.’

तिनं पाटल्या हातात घातल्या. हात खाली सोडला तशा दोन्ही घरंगळून बोटांवर आल्या. तिनं परत वर सारल्या, परत खाली. तुझी मनगटं एवढी भरदार होती, हे मला आज कळलं. चोवीस वर्षं त्याच हातचं खात होतो मी!

सोनाराकडं नेऊन लहान करून घेऊ का, विचारलं. ‘नको, राहू देत,’ म्हणाली. आता त्या घालूनच भाजी चिरतेय. दर दोन मिनिटांनी हात वर करते.

तुला एकच शब्द देतो. या पाटल्या पुन्हा कधीच गहाण जाणार नाहीत, असं म्हणत नाही; आपल्यासारख्यांनी तसं म्हणू नये. पण गेल्याच, तर रेश्माच्या सहीनं जातील. आणि तिनं ‘व्याज किती?’ विचारलं की मी खरा आकडा सांगेन.

तुझा,
दत्तात्रय