महानिद्रेचा शोध

२ जानेवारी
यंदा पीएचडी संपवायचीच. मागच्या वर्षीही हेच ठरवलं होतं, पण तेव्हा मनापासून नव्हतं ठरवलं. कमिटीने शेवटची मुदत दिली आहे. मार्चअखेर विषाणू जागा करून दाखवा, नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द. हे सांगताना माझे गाईड सर खिडकीबाहेर बघत होते. भावनावश झाले असावेत.

६ जानेवारी
बायकोने विषय विचारला आणि मी अडखळलो, म्हणून इथे सोपा करून लिहितो. माझे आर्किया उकळायच्या बेतातल्या आम्लात सुखाने नांदतात. दिसायला जीवाणूंसारखे, पण घराणं वेगळं. त्यांच्या जीन्समध्ये एक विषाणू घुसून झोपला आहे. एक प्रोटीन त्याच्या जीन्सवर पहारेकऱ्यासारखं बसून त्या बंद ठेवतं. यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाश, मारला की पहारा सुटतो, जीन्स एकामागून एक सुरू होतात आणि विषाणू बाहेर. वाचून दाखवलं. बायको म्हणाली, एवढं सोपं आहे तर इतकी वर्षं काय करतोयस? प्रश्न चांगला आहे. विचार करून सांगतो म्हटलं.

११ जानेवारी
यूव्ही दिला. जाग नाही.

१२ जानेवारी
डबल डोस. पेशी मेल्या, विषाणू ढिम्म. पेशींचं वाईट वाटलं.

१९ जानेवारी
आंघोळ करताना सुचलं! झोप मोडत नाही, याचा अर्थ ती साधी झोप नाही. 'महानिद्रा' असं नाव दिलं. जगात अजून कुणाला सापडलेली नाही. थीसिसचं पहिलं प्रकरण लिहायला घेतलं. शीर्षक ठळक अक्षरांत टाइप झालं. मग चहा प्यायलो.

३ फेब्रुवारी
आर्किया उपाशी ठेवले. जाग नाही. गार केले. जाग नाही. पुरावे धडाधड जमताहेत. सर म्हणाले, काहीच घडलं नाही हा कशाचाही पुरावा होऊ शकतो. सर हल्ली थकलेले दिसतात.

१० फेब्रुवारी
शेजारच्या बाकावरची घाईताई (नाव मी ठेवलंय, माझ्यानंतर आली आणि थीसिस देऊन मोकळीही झाली) नाक खुपसायला आली. विषाणू आत आहे का, तपासलंस? म्हटलं, पहिल्याच वर्षी तपासला. आता बघ म्हणाली, एका दुपारचं काम आहे. विषाणू आत असल्याशिवाय तो झोपेल कसा? काही लोकांना लॉजिक कळतच नाही.

२ मार्च
सासऱ्यांचा फोन. आता डॉक्टर म्हणायला हरकत नाही ना? थोडं थांबा म्हटलं. मग रेंज जातेय सांगून फोन ठेवला.

१६ मार्च
घाईताईचं तोंड बंद करायला टेस्ट करू दिली.
विषाणू नाही.
तुलनेसाठी घेतलेल्या तिच्या नमुन्यात आहे. माझ्यात नाही. पुन्हा केली. नाही.
नवा फ्लास्क लावताना जुन्यातलं काय घेतोस, तिने विचारलं. अभिमानाने सांगितलं: दर आठवड्याला तीन फ्लास्क वाढवतो, सर्वांत दाट, तरतरीत असेल तो पुढे चालवतो, मरतुकडे सिंकमध्ये. तिने हातातलं पेन खाली ठेवलं.
मग म्हणाली, "विषाणू बाळगणं पेशीला जड जातं. ज्यांनी तो टाकला त्या जोमाने वाढल्या. तू दर वेळी त्याच निवडल्यास."
कधी गेला असेल?
"सांगता येणार नाही. दुसऱ्या वर्षीसुद्धा गेला असेल."

१७ मार्च
पहिलं प्रकरण डिलीट केलं. शीर्षकच होतं, वेळ लागला नाही.

३१ मार्च
कमिटी लवकर उरकली. रजिस्ट्रेशन रद्द. कुणी रागावलं नाही. कुणी रागावलं असतं तर भांडता तरी आलं असतं. सरांनी पाठीवर हात ठेवला आणि बाक सोमवारपर्यंत रिकामा कर म्हणाले. इन्क्युबेटर मीच बंद केला. फ्लास्क छान दाट झाला होता. ओतून दिला.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं तू बरं करायला, जागं करायला, जे काय करायला धडपडत होतास, ते नेमकं कोणाला?"

म्हटलं, "ज्यांना काहीच झालं नव्हतं त्यांना."

हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. मीही नाही.