वहिनीचं नाव

तीर्थरूप काका,

आधी एक दुरुस्ती. कोर्टाचे शिपाई असून तुम्ही आईच्या नावाचा पुकारा केलाच नाही, असं मी आत्याला सांगितलं. ते चूक होतं. पुकारा केलात, पण तोंडातल्या तोंडात. दाराबाहेर बाकावर बसलेल्या आईला तो ऐकू आला नाही. ती गैरहजर म्हणून तिचा दावा फेटाळला गेला आणि बाबांचं घर तुमच्याच ताब्यात राहिलं.

वर हसून म्हणालात, “वहिनीचं नाव चारचौघांत मोठ्यानं कसं घेऊ?” घरी मात्र तुमचं “वहिनी, चहा!” गल्लीच्या टोकापर्यंत जायचं.

मला घरी अक्षरं शिकवताना तुम्हीच सांगायचात, “चुकलं तर नीट खोड आणि पुन्हा लिही.” तेच करतेय. दावा पुन्हा चालवावा आणि रोजची नावं बाहेर फळ्यावर लिहावीत, असा अर्ज लिहिलाय. तो देताना न्यायाधीशांना एवढंच म्हणेन, “यांना आईचं नाव एकदा चहा मागायच्या आवाजात पुकारायला सांगा.”

हे पत्र तुम्हाला धाडणार नाही. आधी कळलं तर घसा बसल्याचं सोंग कराल.

तुमचीच विद्यार्थिनी आणि पुतणी,
जी कोर्टात येतेय सोमवारी, नऊ तारखेला.