आईचे पातेले आणि तळमजल्याच्या दोन खोल्या

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सहासष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली ऑपरेटर, अविवाहित, राहणार याच घराच्या वरच्या मजल्यावर, आज सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून, पूर्ण शुद्धीवर आणि राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतके जवळ कोणी राहिलेलेही नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात त्यांनी 'स्मरणशक्ती उत्तम' असे लिहिले आहे. ते मी मुद्दाम लिहून घेतले, कारण पुढचे वाचून माझा भाचा नेमकी तीच शंका काढील.

सर्वांची पूर्ण नावे वकिलांनी शेवटी जोडलेल्या पानावर आहेत. इथे मी ज्याला जशी हाक मारते तसेच लिहिते. वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्र थोडक्यात असावं." मी म्हटले, "जन्मभर लोकांना 'तीन मिनिटं झाली' म्हणून तोडत आले. आता मला कोणी तोडू नका."

कलम पहिले. यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द करत आहे. त्यात हे संपूर्ण घर मी माझ्या दिवंगत धाकट्या बहिणीच्या मुलाला, म्हणजे भाच्याला, दिले होते. तो वाईट मुलगा नाही, हे प्रथम नोंदवते. माझी औषधे तो आणतो. फोन कसा वापरायचा ते त्यानेच मला शिकवले. टेलिफोन खात्यातल्या बाईला फोन शिकवतो म्हणून आम्ही दोघे खूप हसलो होतो. दर रविवारी यायचा. आता येत नाही. का, ते पुढे येईल.

कलम दुसरे. घर माझ्या स्वतःच्या पगारातून घेतलेले आहे. खाली दोन खोल्या, वर दोन, मध्ये जिना, आणि अंगणात दोन्ही मजल्यांना मिळून एक नळ. वर मी राहते. खाली इस्त्रीवाली आणि तिचा नवरा राहतात. नवरा पूर्वी बांधकामावर गवंडी होता. परांचीवरून पडला, म्हणजे उंच बांधलेल्या त्या फळ्यांवरून, आणि त्याची पाठ कायमची गेली. ठेकेदाराने सांगितले, "हा रोजंदारीचा माणूस. आमच्याकडे याची नोंदच नाही." ती इमारत पूर्ण झाली. आता तिथे बँक आहे. माझे पेन्शन तिथेच जमा होते. रांगेत पाय दुखले की मी ज्या भिंतीला टेकते, ती त्याने बांधलेली आहे. तेव्हा त्याच्या पाठीशी माझा काय संबंध, असे मला कोणी विचारू नये.

तळमजल्याच्या या दोन खोल्या मी इस्त्रीवालीला कायमच्या व पूर्ण मालकी हक्काने देत आहे. कोणतीही अट नाही. तिने दारावर माझ्या नावाची पाटी लावायची नाही, माझ्या फोटोला हार घालायचा नाही, कोणापुढे माझे आभार मानायचे नाहीत. ती या खोल्यांना लायक आहे की नाही, याची चौकशी कोणीही करू नये. अशी चौकशी कशी होते ते मी पाहिले आहे. ते लिहून ठेवल्याशिवाय या कलमाचा अर्थ भाच्याला कळणार नाही.

आमचे वडील कापसाच्या गिरणीत होते. त्यांच्या छातीत तिथला कापूस गेला, खोकला सुरू झाला, आणि खोकणारा माणूस गिरणीला नको होता. आम्ही गरीब का झालो याचे उत्तर एवढेच आहे. आळस नव्हता, व्यसन नव्हते. वडील गेल्यावर कोणीतरी आईला सांगितले की एक मदत समिती आहे, अर्ज केला की दरमहा धान्य मिळते. मात्र आधी समितीच्या बाई घर बघायला येतात.

आईने 'बाई येणार' एवढेच ऐकले. घरी बाई येणार, म्हणजे पाहुणी. तिने आदल्या दिवशी जमीन घासली, आम्हा दोघींना न्हाऊ घातले, आणि शेजारणीकडून बटाटे, तेल आणि दोन अंडी मागून आणली. शेजारीण म्हणाली, "अगं, मागायला जायचंय की वाढायला?" आई म्हणाली, "आपल्या दारात आलेलं माणूस कोरडं कसं पाठवू?"

समितीच्या बाई आल्या. पांढरी साडी, हातात पर्स, बोलणे अतिशय गोड. त्यांनी आमच्या केसांना लावलेल्या फिती पाहिल्या, चकचकीत जमीन पाहिली. मग चुलीकडे गेल्या, रुमालाने धरून पातेल्यावरचे झाकण उचलले आणि आत डोकावल्या.

"वा! छान चाललंय की तुमचं."

आई आनंदाने म्हणाली, "दोन घास खाऊन जा ना."

"नको. आणि हे बघा, तुमच्यापेक्षा गरजू पुष्कळ आहेत."

झाकण त्यांनी परत ठेवले नाही. बाजूला जमिनीवर ठेवून गेल्या. आईने ते धुऊन परत पातेल्यावर ठेवले, तेव्हा तिचा चेहरा कसा होता ते मला अजून लिहिता येत नाही. बटाटे आम्ही दोघी बहिणी जेवलो. आई जेवली नाही. मी तेव्हा दुसरे अंडेही मागितले, एवढे आठवते.

त्यानंतर एकीचे पोट कमी करणे एवढाच मार्ग उरला. मोठी म्हणून मला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये फुकट जागा मिळाली, आणि धाकटी आईबरोबर लोकांचे कपडे धुवायला जाऊ लागली.

कलम तिसरे. शाळेला मी माझी सर्व पुस्तके देते, आणि मनापासून देते. तिथे मला इंग्रजी मिळाले, शिस्त मिळाली, टेलिफोनवर उपयोगी पडलेला आवाज मिळाला. थंडीत माझ्या हाताला भेगा पडल्या तेव्हा स्वतःच्या तळहातावर व्हॅसलीन घेऊन ते माझ्या हातांना चोळणाऱ्या म्हाताऱ्या सिस्टर मला रोज आठवतात. शाळेच्या मेणाने पुसलेल्या व्हरांड्याचा वास आला तर मी आजही डोळे मिटून उभी राहीन. पण फुकट मुलींचा बाक वेगळा होता. देणगीदार आले की आम्हाला इस्त्रीचे फ्रॉक घालून पुढच्या रांगेत उभे करत आणि आम्ही आभाराचे गाणे म्हणत असू. माझा आवाज चांगला, म्हणून सुरुवात माझ्याकडे असे. शाळेच्या हॉलमध्ये त्या रांगेचा फोटो लावलेला आहे. खाली लिहिले आहे, 'अनाथ मुली'. माझी विनंती आहे की ते शब्द बदलावेत. आम्ही अनाथ नव्हतो. आमच्या आया जिवंत होत्या, आणि रविवारी फाटकाबाहेर उभ्या असत.

कलम चौथे. मदत समितीला काहीही नाही. समिती अजून चालू आहे, मला दरवर्षी शुभेच्छांचे कार्ड येते, आणि अध्यक्ष दोनदा घरी येऊन "निपुत्रिकांनी समितीचा विचार करावा" असे सुचवून गेले. मी त्यांना चहा दिला. त्यांच्या अर्जासोबत आता घराचे, स्वयंपाकघरासकट, फोटो जोडावे लागतात. म्हणजे बाईंची यायची तसदीही वाचली. मी एकटीने दोन खोल्या देऊन गरिबी हटत नाही, हे मला कळते. ते काम ज्यांच्या गिरण्या आहेत, ज्यांचे ठेके आहेत, ज्यांच्या हातात कायदा आहे, आणि त्या भिंतींना टेकून जे उभे राहतात, त्या सगळ्यांचे आहे. पण देणाऱ्याने निदान घेणाऱ्याच्या घरात जाऊन झाकण उचलू नये.

कलम पाचवे. कपाटातली निळी शाल धाकट्या बहिणीची आहे. ती भाच्याच्या बायकोला द्यावी. सुट्टीत मी घरी आले की बहीण दारातूनच ओरडायची, "आई, मडम आल्या गं! त्यांना चमचा द्या." मी सवयीने चमच्याने जेवायचे, आणि ती हाताने जेवता जेवता माझ्याकडे बघत राहायची. बोर्डिंगमधल्या मुलींसाठी मी फुकट होते, घरच्यांसाठी मडम. दोन्हीकडच्या पंगतीत माझी जागा जरा सरकूनच असे. एक्स्चेंजमध्ये एकाने मला लग्नाचे विचारले होते. "तुझ्या घरचं कोणी भेटेल का?" म्हणाला. बहिणीला निरोप पाठवला, तर तिने उलट सांगितले, "मडमच्या पाहुण्यांपुढे बसायला माझ्याकडे साडी नाही." तो विषय तिथेच राहिला. आम्ही नंतर पुन्हा बोलू लागलो, पण शेवटपर्यंत तिने मला मडमच म्हटले. शेवटी शेवटी त्यात माया होती, असे मी धरून चालते. आपल्या मुलाला मात्र तिने हे काहीच सांगितले नाही. कपडे धुण्याचे नाही, पातेल्याचे नाही. त्याला वाटते, त्याची आजी खाऊनपिऊन सुखी होती.

कलम सहावे. वरच्या दोन खोल्या, माझी बँकेतील शिल्लक, शिवणयंत्र आणि इतर कलमांत दिलेल्या वस्तू वगळता सर्व सामान आणि अंगणाच्या नळाचा निम्मा हक्क भाच्याला. यालाही अट नाही. शिवणयंत्र इस्त्रीवालीला. एकटा वरचा मजला बिल्डर घेणार नाही, हे मला ठाऊक आहे.

झाले ते असे. गेल्या पावसाळ्यानंतर भाचा टेप घेऊन आला. "मावशी, तू आहेस तोवर काही नाही गं. नुसतं मोजमाप. पुढेमागे बिल्डरला द्यायचं तर आकडे हातात हवेत." खालच्या खोल्या मोजायला तो उतरला, आणि थोड्या वेळाने हसत वर आला.

"मावशी, तू फार भोळी आहेस. भाडं द्यायला म्हणे यांच्याकडे पैसे नसतात. खाली कोंबडी शिजतेय!"

"तुला कसं कळलं?"

"वास आला. झाकण काढून बघितलं की मी."

"तुला जेव म्हणाली का?"

"म्हणाली की, 'साहेब, जेवून जा.' मी कशाला बसतोय तिथं? सोफा नाही, काही नाही. पण कोंबडी आहे!"

तो गेल्यावर जिना उतरून खाली गेले. इतकी वर्षे मी त्यांच्या डोक्यावर राहिले, पण त्यांच्या घरात कधी टेकले नव्हते. दारातूनच बोलायचे. इस्त्रीवाली चुलीपाशी बसली होती. झाकण बाजूला होते.

"ताई, साहेबांना माझ्या हातचं चालत नाही का?"

"ही कोंबडी कुठून आणलीस गं?"

"माझ्या नणंदेनं पाळलेली. साहेबांनी खोल्या बघायला येतो म्हणून निरोप धाडला होता, तेव्हा काल जाऊन मागून आणली. तुमचं माणूस पहिल्यांदा आमच्या दारात येणार होतं, ताई. कोरडं कसं पाठवायचं?"

मी चप्पल काढली आणि आत जाऊन बसले. ती आधी नवऱ्याला भरवत होती. तो म्हणाला, "ताईंना वाढ की आधी. माझं काय, मी कुठं पळून जातोय?" आणि स्वतःच हसला. मी हाताने जेवले. शेजारी माणसे असताना जेवायला मला किती वेळ लागतो, हे मी विसरूनच गेले होते.

दुसऱ्या दिवशी वकिलांकडे गेले. आणि भाच्याला फोन करून सांगितले, कारण मी मेल्यावर त्याला हे परक्याकडून कळावे असे मला वाटेना. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "त्यांना घर. आणि मी कोण मग?" आणि फोन ठेवला. तेव्हापासून तो आलेला नाही. औषधे आता दुकानातून पाठवली जातात. रविवारी मी दार लावत नाही, इतकेच.

कलम सातवे आणि शेवटचे. आईचे पातेले झाकणासह माझ्याकडे आहे. एकटीच्या स्वयंपाकाला ते फार मोठे पडते, म्हणून मी त्यात कधी काही शिजवले नाही. ते इस्त्रीवालीला द्यावे.

माझ्या पश्चात भाच्याला किल्ल्या घ्यायला यावेच लागेल. तो येणार हे कळले की इस्त्रीवाली काहीतरी मागून आणील आणि त्या पातेल्यात शिजवून ठेवील. हे तिला मी सांगायची गरज नाही. आई कोणाच्या सांगण्यावरून करत होती? बाळा, त्या दिवशी तू थांब. टेप खिशात ठेव. बस, आणि ती झाकण काढून तुला वाढेपर्यंत वाट बघ. तुझ्या आजीने ज्या पाहुणीसाठी रांधले होते ती न जेवता गेली. तू जेवून जा. तू कोण, हे तू मला विचारले होतेस ना?

ही अट आहे का, असे वकिलांनी विचारले. मी नाही म्हटले. जेवला नाही तरी वरचा मजला त्याचाच.

येणेप्रमाणे लिहिलेले मी स्वतः वाचले, शब्दन् शब्द माझा आहे. साक्षीदार म्हणून मला इस्त्रीवालीची सही हवी होती, कारण मला रोज पाहणारी तीच एक. पण ज्याला मिळकत मिळते तो साक्षीदार चालत नाही, असे वकील म्हणाले. मग दुसरी दोन माणसे शोधायला मला चार दिवस लागले.

स्थळ: माझी वरची खोली, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: ९ नोव्हेंबर, सोमवार. काल रविवार होता.

मृत्युपत्र करणारीची सही: (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक. (सही) ओळख: औषधांपुरती.
साक्षीदार दुसरी: टेलिफोन खात्यातील माझी जुनी सहकारी. (सही) ओळख: आवाजाने. बावीस वर्षे आम्ही वेगवेगळ्या एक्स्चेंजमधून एकमेकींशी बोलत होतो. प्रत्यक्ष आज प्रथमच भेटलो. जेवायला थांबली आहे.