पळी दुसऱ्या पाटावर

बापू, आज माळ्यावरून पाट काढले आणि तुमची इतकी आठवण आली की हातातलं फडकं हातातच राहिलं. शेजारची एक मुलगी माझ्याकडं इंग्रजी शिकायला येते. हुशार आहे, पण "आय भाकर ईट" म्हणते. क्रियापद नेऊन शेवटीच ठेवते बया! तिला म्हटलं, थांब, तुला माझ्या बापाची रीत दाखवते. पाट पुसून ओळीनं मांडले आणि पळी तिच्या हातात दिली.

तेव्हा निजामाचं राज्य. गेवराईची शाळा उर्दूतून, तुम्ही तिथं इंग्रजीचे मास्तर, आणि घरी आपण नांगर धरणारी मराठी माणसं. त्या शाळेत मुलींना बसू देत नव्हते, म्हणून माझी शाळा आईच्या चुलीपाशी भरायची. तुम्ही तीन पाट मांडायचात. पहिल्यावर तांब्या, तो कर्ता. शेवटच्यावर भाकर, ते कर्म. मधला रिकामा. मग पळी माझ्या हातात द्यायचात, ती क्रियापद. मी भाकर मधे सरकवायची आणि पळी शेवटी ठेवायची, कारण आपण बोलतो तसंच. की तुम्ही कडाडलात! "उचल ती पळी! आपल्या बोलीत क्रियापद यजमान हाय. समद्यांना बसवतं, वाढतं, मग शेवटाला आपण बसतं. इंग्रजीत यजमान कर्त्याला खेटून बसतो. पुन्ना मांड." मी मुसमुसत पुन्हा मांडायची. "आय ईट भाकर." आई तव्यावरून नजर न काढता म्हणायची, "मग खा की गं, बोलतीस काय नुसती!"

आणि आपल्या घरचे यजमान कोण, तर तुम्हीच. आसपासच्या खेड्यांतली शिकायला आलेली पोरं आपल्याकडं जेवायची. त्यांना आग्रह करकरून वाढायचं, आणि सगळे उठले की भिंतीला टेकून उरलेली गार भाकर मोडायची, ही तुमची रोजची तऱ्हा.

त्या वर्षी काका हटून बसले होते. "पोरीला इंग्रजी कावून? औंदा लगीन उरकून टाकू." शाळा तपासायला औरंगाबादहून साहेब यायचे होते, आणि मला शाळेत बसवून घ्यायची परवानगी तुम्ही त्यांच्याकडं मागितली होती. तुम्ही काकांना म्हणालात, "साहेब न्हाई म्हणले, तर मी आड येनार न्हाई." मी दाराआडून सगळं ऐकलं. तुमचा शब्द म्हणजे शब्द, हे मला ठाऊक होतं.

साहेब आले ते जेवायलाच आपल्याकडं. पाट मांडायचं काम माझं. मी साहेबांचा पाट पहिला मांडला, त्याला खेटून तुमचा, आणि तुमच्या पाटावर पळी ठेवली. मग काकांचा. काका बघतात तर काय! "यजमान पाव्हण्याच्या मांडीला मांडी लावून बसतो व्हय गं? अक्कल हाय का?" माझं तोंड काही गप्प बसेना. म्हटलं, "इंग्रजीत असंच बसतेत."

आत्ताही मला तुमचा चेहरा दिसतोय. कानापर्यंत लाल झालाय, हात पळीकडं चाललाय. साहेब तुमचा हात धरतात. "ये क्या माजरा है, मास्टर?" तुम्ही चाचरत ती तांब्या-पळीची सगळी कथा सांगता. साहेब पोट धरून हसतात आणि माझ्याकडं वळतात. "अच्छा! तो बोलो, लडकी."

मी बोलले. "माय फादर टीचेस मी. आय रीड. आय राईट." आणि मग, कुणी शिकवलेलं नव्हतं, बापू, तुम्ही सुद्धा नाही, "आय सिट इन स्कूल."

काकांना इंग्रजी कळत नव्हतं, ते साहेबांचं तोंड बघू लागले. तुम्ही हळूच म्हणालात, "साब, अभी बैठती नहीं." साहेबांनी पाटावर मांडी घातली, तुम्हाला हाताला धरून शेजारी बसवलं आणि म्हणाले, "वाक्य बराबर है. कल से बिठाओ." चुलीपाशी आईचा हात थांबलेला मी पाहिला. मग तिनं तव्यावरची भाकर थेट तुमच्या ताटात टाकली.

पुढं बीडला मुलींच्या शाळेत मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. वर्गात पाट घेऊन जायचे. नव्या मास्तरणी तोंडाला पदर लावून हसायच्या, हसू देत. माझ्या वर्गातल्या मुली आज कचेऱ्यांत बसतात, शाळा चालवतात, एकजण तर वकील झालीये, आणि कुणीही भेटली की आधी पळीचीच आठवण काढते. मला काय अभिमान वाटतो, बापू! माझा नाही, तुमचा. म्हणजे माझाही, खोटं कशाला बोलू.

तुम्ही मात्र मरेपर्यंत सगळ्यांना कौतुकानं सांगत राहिलात, की पोरगी इंग्रजीत इतकी मुरली, इतकी मुरली की पंगतसुद्धा इंग्रजीत मांडून बसली. मी कधी तुम्हाला अडवलं नाही. हे पत्र तुमच्यापर्यंत जायचं नाही, म्हणून आता सांगते. त्या दिवशी पाट मांडताना इंग्रजी माझ्या डोक्यात नव्हतंच. ते काका ओरडल्यावर सुचलं. पळी ठेवली होती ती तुम्हाला न उठता, बसल्या जागेवरून वाढता यावं म्हणून. तुम्हाला एकदा तरी गरम भाकर खाताना बघायचं होतं मला.