लांडग्याले नंदीचे डोळे

बाबा,

मी नागझिऱ्याले ड्युटीवर चाललो, उद्या संध्याकाळी येईन. महिनाभरापासून आपला अबोला आहे, म्हणून लिहून राहिलो.

माझ्या टेबलाले कोण हात लावते? बोटभर उंचीचे सात खेळण्यातले लांडगे रंगवायले घेतले होते. सकाळी पाहतो तर एकाचे डोळे रंगवून तयार! मी नाही रंगवले. आईले विचारलं, तर ते म्हणते, मले सुईत दोरा ओवता येत नाही.

ब्रश धुऊन टोक नीट वळवून ठेवला आहे. लांडग्याच्या पायाखाली मी नुसती रेती चिकटवली होती, तिच्यावर वाळल्या गवतासारखा धानाचा कोंडा कोणी लावला? आणि डोळे तर पहा. मोठे, पांढरे, भोवती काजळाची रेघ. लांडग्याले असे डोळे राहतात का? असे डोळे लहान पोरांच्या तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीले राहतात. माझ्या नंदीले तुम्हीच काढून देत होते.

एवढा मोठा माणूस खेळणे रंगवते, असं महिन्याआधी तुम्हीच म्हणाले होते ना?

तो लांडगा मी पुसला नाही. बाकीचे सहा बिनडोळ्यांचे टेबलावरच आहेत. खोलीले कुलूप लावलं नाही. तुमचा चष्मा रंगाच्या डब्यांजवळ सापडला, तिथंच राहू द्या.

ओमेश