पाठीखालचा हात

१२ ऑक्टोबर, शनिवार

प्रिय छोटी,

कशी आहेस? नीट जेवतेस ना, की तिथेही ताट पुढ्यात ठेवून खिडकीतून बघत बसतेस? आम्ही इकडे मजेत. हे पत्र दिलं की तुमच्या ऑफिसातल्या बाई त्याचा फोटो काढून वर पाठवतात, म्हणून अक्षर नीट काढतेय. त्या वाचत असतील तर त्यांनाही नमस्कार.

दुकान बरं चाललंय. पँटी आखूड करा, कोटाचं अस्तर बदला, तेच. तुझा ससा माझ्या मशीनवर शिवलाय हे गावभर झालंय. परवा एक आजोबा विचारत होते, "यानातल्या गाद्याही तुम्हीच शिवल्यात का हो?" मी नाही म्हटलं नाही.

तुझी लेक खारू मजेत आहे. जेवते, झोपते, शाळेत जाते.

उड्डाणाच्या दिवशी काय झालं ते तुला सांगायचंच राहिलं. तुम्हा लोकांची ती रीत, समोर दोऱ्याने एक खेळणं बांधायचं आणि ते तरंगलं की पोचलो म्हणायचं, ती मी खारूला समजावून ठेवली होती. टीव्हीवर आगीचा लोळ दिसला आणि मी डोळेच मिटून घेतले. मग खारू ओरडली, "ससा उठला!" बघते तर तिच्या जुन्या फ्रॉकचा तो ससा तुझ्या नाकासमोर तरंगतोय, एक कान वर, एक खाली (कापूस कमी भरला, चूक माझीच), आणि त्याच्यामागे तू हसतेयस. तेव्हापासून हिची खात्री झालीय की वस्तू आपण घाईने सोडतो म्हणून पडतात. अलगद सोडल्या तर राहतील हवेत. घरातले कप संपले. आता आम्ही स्टीलच्या पेल्यातून चहा पितो.

संध्याकाळी गच्चीवर जातो. तुमचं स्थानक येतं, न लुकलुकता, कुणालाही न विचारता, या टोकाकडून त्या टोकाकडे. खारू हात हलवत नाही. हळूच फुंकर मारते. तेवढीच तुला पुढे जायला मदत, म्हणते.

तू विचारलंयस ते विसरले नाही. तीन महिने मुक्काम वाढवू का, ताई, तू म्हणशील तसं. खारूच्या बाबांनीही जहाजावरून तेच कळवलंय, ताई म्हणतील तसं. एक आभाळात, एक पाण्यात, आणि जमिनीवर मी! उत्तर मी लगेच लिहिलं होतं. खुशाल राहा, पोरगी मजेत आहे. त्यात काही खोटं नव्हतं. पण दिलं नाही.

शेजारच्या काकू खारूला माझ्या मांडीवर बघून म्हणाल्या, "माय मरो पण मावशी जगो म्हणतात ते काय उगाच?" बिचाऱ्या कौतुकानंच म्हणाल्या. मी मात्र त्यांच्याशी अजून धड बोलत नाहीये.

ऑफिसातल्या बाई, आता पुढचं वाचलंत तर वाचा.

खारूला मी पोहण्याच्या तलावावर नेते. उताणं तरंगायला शिकवतेय. पाठीखाली माझा तळवा असतो. कान पाण्यात बुडले की ती मोठ्याने बोलते, मोठ्या घरातून हाक मारावी तशी. मंगळवारी डोळे मिटून म्हणाली, "मी वर आले. इथे सगळं निळं आहे. ससा पण आहे." छतावर पाण्याचा उजेड हलत होता. मलाही वाटलं, जमीन सुटली. मग ती म्हणाली, "आई, हात काढू नकोस हं."

तुलाच म्हणाली असेल, असं मी मनाशी म्हणणार होते. पण तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघून हसली आणि पुन्हा म्हणाली, "आई, काढू नकोस."

मी म्हटलं, "नाही काढत, बाळा."

मावशी म्हण, असं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. छोटी, फार गोड वाटलं गं. घरी येईपर्यंत माझे पाय रस्त्याला लागत नव्हते. इतकं गोड वाटलं, की तू तिथेच राहावंस असं मनात आलं. तीन महिने नाही, कितीही. आणि मग भीती वाटली, माझीच.

म्हणून मुक्काम वाढवू नकोस. ठरल्या दिवशी ये. ती तुझ्यासाठी रडत असती, तर मी म्हटलं असतं, राहा, मी समजावते तिला. ती रडत नाही. म्हणून ये.

परत आल्यावर हातापायांत लगेच बळ नसतं, असं तूच सांगितलं होतंस. चालेल. पाण्यात लेकरू हलकं असतं. आपण तिघी तलावावर जाऊ. आधी तू तुझा हात माझ्या हाताखाली ठेव. तो नीट लागला की मग मी माझा काढेन.

वाट बघतेय.

खारूची मावशी